हलकं छप्पर

पोलादी बांधकामाचा तो पुरस्कार मिळाला, तर डिझायनरसाहेबांना कंपनीत भागीदारी, दारावर पितळी पाटी आणि सासरेबुवांची बोलती कायमची बंद, असा तिहेरी फायदा होता. अडचण एवढीच, की बक्षीस सर्वांत कमी पोलाद वापरणाऱ्याला, आणि यांच्या सभागृहाचं छप्पर चार टनांनी जड भरत होतं. साहेबांनी छपराखालून जाणारी देखभालीची लोखंडी पायवाटच नकाशातून उडवली.

"वर जातंय कोण? पाच वर्षांतून एकदा रंगारी. ती जात माकडासारखी चढते हो."

परीक्षकांनी 'पृथ्वीचा भार हलका केला' म्हणून पाठ थोपटली. पाटी लागली, सासरेही गप्प झाले.

पाचव्या वर्षी रंगारी छपराला खालून रंग देताना पडला आणि जागीच गेला. तेराव्या दिवशी त्याची बायको ऑफिसात आली. साहेबांनी लगबगीने भरपाईचा अर्ज पुढे केला.

"ते राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "नकाशा काढा. आमच्या ह्यांनी पाय कुठे ठेवायचा होता, तेवढं बोट लावून दाखवा."

त्याला आता तीन वर्षं झाली. साहेब रोज सकाळी दार लावून तो नकाशा पसरतात. बोट अजून कुठे टेकलेलं नाही.