खोक्यावरची खालची ओळ

चॉकलेट-बिस्किटांची खोकी डिझाइन करणं हे माझं काम. एका बिनसाखरेच्या चॉकलेटांच्या खोक्यावर एक ओळ छापणं सक्तीचं होतं: 'दिवसाला चारपेक्षा जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात.' चॉकलेट कंपनीचे मालक म्हणाले, "काढता येत नाही, पण निदान डोळ्यांत भरू देऊ नकोस." मी ती इतकी बारीक केली, की खालच्या नक्षीत बेमालूम मिसळून गेली. मालकांनी पाठ थोपटली. माझी कॉलर ताठ.

पहिलं खोकं आईला नेऊन दिलं. मधुमेहामुळे बारा वर्षं तिने चॉकलेटला हात लावला नव्हता. "साखर नाहीये आई, बिनधास्त खा," मी म्हणालो. ती ओळ तोवर माझ्याच डोक्यातून गेली होती.

आठवड्याने ताईचा फोन आला. आईला तीन दिवस जुलाब होताहेत, उभं राहायचंही त्राण नाही. धावत गेलो. हाताला सलाईन, चेहरा पार उतरलेला, आणि उशाशी जपून ठेवलेलं ते खोकं. आत नुसते चांदीचे कागद.

मला बघून तिने उशीखालचं भिंग काढलं आणि माझ्या हातात दिलं. "अख्खं खोकं वाचून काढलं रे मी. किती देखणं केलंयस!"



मग तिने खोक्याच्या तळाशी बोट टेकवलं. "खालची ही एवढी ओळ मात्र भिंगातूनही लागत नाही बघ. तुझं नाव लिहिलंय का रे तिथे?"