श्रीरंगच्या छातीतला दम

पांडवलेणीच्या पायऱ्या श्रीरंग मित्रांशी गप्पा मारत, न थांबता चढला. त्याची बायको वृंदा अर्ध्यावरच धापा टाकत बसली. तिच्या कमरेला पट्टा होता. चार वर्षांपूर्वी आजारपणात श्रीरंगचे श्वासाचे स्नायू लुळे पडले, तेव्हा डॉक्टरांनी तो तिला बांधला होता. ती रोज पाच किलोमीटर पळायची आणि त्या व्यायामाचं बळ पट्ट्यातून त्याच्या छातीत जायचं. तिच्या वाट्याला नुसता घाम यायचा.

वरून त्याचं खणखणीत हसणं ऐकू आलं. त्या हसण्यामागचा श्वास आपला आहे, या विचाराने तिचा जळफळाट झाला.

खाली तिच्यापाशी येऊन तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हिला लगेच दम लागतो. अगं, जरा व्यायाम करत जा!"

वृंदाने पट्टा सोडून त्याच्या हातात ठेवला. "तू आता बरा झालायस. उद्यापासून तू माझ्यासाठी पळ."

श्रीरंग पट्ट्याकडे बघत राहिला.

"पण मग मला दम लागेल ना," तो म्हणाला.

"लागेल," वृंदा म्हणाली आणि कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या चढू लागली.