पाच फूट

"पाच फूट?" हॉलिस डेरोशरने हातातला डोनट बशीत ठेवला. "अगं पोरी, पाच फुटांवरून काँक्रीटवर टाकला तर माझा फोनसुद्धा वाचायचा नाही."

"फोनमधून गोळी सुटत नाही," डार्सी म्हणाली.

शेजारच्या टेबलावरचे दोन आमदार खुदकन हसले. व्हर्मांटच्या विधानसभेत आमदारांना स्वतःच्या खोल्या नाहीत. सगळं राजकारण शिजतं ते कॅफेटेरियात. डार्सी थिबो तिथे कायद्यांचे मसुदे लिहायची. हॉलिस पिस्तुलांच्या कारखान्याचा माणूस. बंदुकांचा कायदा करायचा तर बनवणाऱ्यांनाही विचारायला हवं, असं समितीच्या अध्यक्ष विनीबाई पर्ली यांचं म्हणणं, आणि ते विचारणं डार्सीच्या गळ्यात पडलेलं.

तिला ते आवडलं नव्हतं. तिची मुलगी एडी जायची त्याच पाळणाघरातला ल्यूक. आजोबांच्या गाडीत सीटवरचं पिस्तूल घसरलं, मुठीवर आपटलं आणि गोळी सुटली. सेफ्टीचा खटका लावलेला होता. चार वर्षांचं पोर गेलं. पिस्तूल हॉलिसच्याच कारखान्यातलं.

तेव्हापासून एडीला कुणाकडे खेळायला सोडताना डार्सी दारातच विचारायची, "घरात बंदूक आहे का?" लोक आधी बिचकायचे, मग खरं सांगायचे. पण खटका लावूनही जे उडतं, त्याबद्दल विचारून काय उपयोग? ते दुकानातच यायला नको होतं. ल्यूकची आई, शेल्बी, कारखान्याविरुद्ध कोर्टात भांडत होती. तिच्यासारखी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये, एवढ्यासाठी डार्सी हा मसुदा जिवापाड जपत होती.

घरात बंदूक कुलपात ठेवायचं कलम हॉलिसला पसंत पडलं. डार्सीने लगेच त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. या लोकांना जे गोड लागतं त्यात काहीतरी असतं, हा तिचा हिशेब सगळ्या कॅफेटेरियाला माहीत होता.

"चौथ्या कलमाचं मात्र काहीतरी कर," तो म्हणाला.

तिने ते मोठ्याने वाचलं. "प्रत्येक मॉडेल, नळी खाली धरून, पाच फुटांवरून काँक्रीटवर टाकावं. गोळी सुटली नाही, तरच राज्य त्यावर सुरक्षित असल्याचा शिक्का मारील. शिक्क्याशिवाय विक्री नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"तीन फूट कर."

"ल्यूकच्या वेळचं ते मॉडेल पाच फुटांच्या चाचणीला उतरणार नाही म्हणून?"

हॉलिस खिडकीबाहेर बघायला लागला. बर्फ वितळून रस्त्याचा नुसता चिखल झाला होता. "तसं मी बोललो नाही."

"तुमचा चेहरा बोलला."

"कारखान्यात माणसं आहेत गं. त्यांनाही पोरंबाळं आहेत. बरं, चार?"

"पाच."

"तुझी मुलगी केवढी आहे?"

"तीन वर्षांची. म्हणून पाच."

त्याने मोठा सुस्कारा सोडला, टोपी उचलली आणि उरलेला डोनट कागदात गुंडाळला. "जिंकलीस बाई. विनी म्हणाली होती, तुझ्याशी गाठ आहे म्हणून."

त्या संध्याकाळी एडीला कडेवर घेताना डार्सीला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

मतदानाच्या दिवशी शेल्बी वर प्रेक्षकांत बसली होती. विधेयक पास झालं. चौथ्या कलमातला शब्दही हलला नव्हता. खाली येऊन तिने डार्सीच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग म्हणाली, "ही चाचणी कुणी सुचवली? मला त्यांना भेटायचंय."

डार्सीलाही ते माहीत नव्हतं. आमदाराने दिलेला कागद कुठून आला हे मसुदा लिहिणाऱ्याने विचारायचं नसतं, असा तिथला रिवाज. चौथं कलम विनीबाईंच्या हस्ताक्षरात आलं होतं. मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल, असं ती धरून चालली होती.

शेल्बीला टेबलाशी बसवून ती कॉफीच्या रांगेत गेली. पुढेच विनीबाई उभ्या होत्या, कपात मेपलचा पाक ओतत.

"आता विचारलं तर चालेल ना?" डार्सी हसून म्हणाली. "चौथं कलम कुणाचं?"

"आता काय, झालं सगळं." विनीबाईंनी चमचा फिरवला. "अगं, हॉलिसचंच. थंडी पडायच्या आधीच आणून दिलंन. मी म्हटलं, तुझं आहे असं कळलं तर आमची डार्सी त्यातलं अक्षर ठेवायची नाही. तर म्हणतो कसा, मग मी तिच्याशी भांडेन! भला माणूस हो. आणि त्या पोराच्या आजोबांचीच काहीतरी चूक असणार, मी आधीपासून म्हणतेय. कारण ते मॉडेल ना, ते या चाचणीत केव्हाच पास झालंय, जसंच्या तसं. नळीवर कितीही आपटा, गोळी सुटत नाही म्हणे. पहिला शिक्का त्यालाच बसणार."