बरोबर पाच फूट

“फोटो टाकीचा अन् तोंड माझं भाजतंय,” नीरजा पुटपुटली. “तीस वर्षांत या माणसानं माझा म्हणून एक फोटो काढला नाही. कधी सिग्नल, कधी फाटक. प्लॅटफॉर्मवरची मुतारीसुद्धा सोडली नाही. अन् मी आपली शेजारी फूटपट्टी.”

“आई, हलू नको,” तिचा मुलगा हिमांशू म्हणाला. तो फोटोच्या चौकटीबाहेर, हातभर अंतरावर उभा होता. छत्री घेऊन. खरं तर आई पडलीच तर धरायला.

“चपला काढल्यास ना?” समोरून तिच्या नवऱ्यानं, श्रीधरनं विचारलं.

“काढल्या. तळव्यांचे फुटाणे होतायत. आटपा!”

करमाडच्या पुढं, एका आडबाजूच्या स्टेशनामागं ही निजामाच्या काळातली टाकी होती. खाली दगडी खोली, वर लोखंडी हौद. मीटरगेजची कोळशाची इंजिनं इथं पाणी प्यायची. ते रूळ गेले, मोठे आले, कोळसाही गेला. टाकी पाडायची मात्र सगळे विसरून गेले.

श्रीधर पाटबंधारे खात्यात आरेखक होता आणि नाद आगगाडीचा. जुनी स्टेशनं बघायची, मापं घ्यायची आणि हॉलमधल्या प्लायवूडवर तेच सगळं पुठ्ठ्यानं वीतभर उभं करायचं. मधून छोटी गाडी फिरवायची. उंच गोष्टींवर चढून टेप धरता येत नाही, म्हणून त्यानं सोपी युक्ती काढली होती. नीरजा अनवाणी बरोबर पाच फूट. तिला शेजारी उभं करायचं, फोटो काढायचा, टाकी किती नीरजा भरते ते बघायचं आणि पाचानं गुणायचं. मनमाडपासून परभणीपर्यंतची अर्धी लाईन त्यानं बायकोनं मोजली होती.

ही टाकी त्यातली पहिली. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिचा पुठ्ठा आता झुरळांनी खाल्ला होता. मागच्या आठवड्यात किमो घेऊन आल्यावर नीरजाच म्हणाली, “ती करमाडकडची टाकी नव्यानं करा. मला घेऊन चला, मी उभी राहते.” तिला काहीतरी हवंसं वाटलं, याच आनंदात दोघा बापलेकांनी गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीधर कागद लावून बसला. टाकी अठरा फूट नऊ इंच आली. जुन्या वहीत अठरा होती.

मोबाईलचं भिंग दगा देत असेल. त्यानं पुन्हा मोजलं. तेवढीच. नीरजा वाकून उभी असेल म्हणून फोटो मोठा करून पाहिला. ती कवायतीला उभी राहावी तशी ताठ होती. मग त्यानं दगडी खोलीचं दार मोजलं. तेही साडेतीन इंचांनी वाढलं होतं. जोतं दोन इंचांनी.

सगळंच एका प्रमाणात वाढलं, की चूक वस्तूत नसते, पट्टीत असते. खात्यात नव्यानं लागलेल्या पोरांना त्यानं हे किती वेळा सांगितलं असेल. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या बोळात डॉक्टर त्याच्याशी आणि हिमांशूशी बोलले होते. मणक्यांत गेलंय, म्हणाले होते. पुढंही काही म्हणाले होते. गाडीत बसेपर्यंत बापलेकांनी त्याचं ‘कॅल्शियम कमी झालंय’ करून टाकलं. तेव्हापासून घरात दुधाशिवाय दुसरा विषय नव्हता.

त्यानं नऊ इंच खोडले. नुसते अठरा ठेवले.

नीरजा भिंतीला धरत, निऱ्या एका हातात उचलून बाहेर आली आणि समोरच्या खुर्चीत टेकली.

“किती आली?”

“अठरा. तंतोतंत.”

तिनं कागदाकडं पाहिलं. “खोडरबराचा भुगा तरी झटकायचा.”

त्यानं तळहातानं भुगा झटकला.

“फेब्रुवारीपासून साडी पायात येतीय माझ्या,” ती म्हणाली. “खोचून खोचून कंटाळले. तुम्हा दोघांना दिसलं नाही. पेल्यात राहिलेलं दूध तेवढं दिसतं.”

“नीरजा, अगं...”

“एकदा मोजलेली गोष्ट तुम्ही पुन्हा कधी मोजलीत का? नाय ना? मग मीच का म्हणाले असेन, वहीत जुनं माप असलेली हीच टाकी म्हणून? मला कुणी काही सांगेना. म्हटलं, माणूस खोटं बोलंल, याची पेन्सिल बोलायची नाय.” तिनं खोडलेल्या जागेवर बोट टेकवलं. “तीपण बोलली.”

स्वयंपाकघराच्या दारात हिमांशू पेला घेऊन उभा होता. “आई, डॉक्टर म्हणाले ना, कॅल्शियम...”

“तू गप रे.” तिनं श्रीधरवरची नजर काढली नाही. “अहो, मी रडणार नाही. मला कामं आहेत. गंगापूरला आक्काकडं चार दिवस राहायचंय. या बाळाला भाकरी शिकवायचीय, नाहीतर तुम्ही दोघं पाव खाऊन दिवस काढाल. कशाला किती वेळ द्यायचा, ते मला ठरवू द्या. डॉक्टर काय म्हणाले?”

हिमांशूनं मान हलवली. नको, नको. श्रीधरला ते दिसलं. त्यानं खुर्ची पुढं ओढली, इतकी की दोघांचे गुडघे टेकले.

“दिवाळी,” तो म्हणाला. “दिवाळीपर्यंत, नीरजा.”