पिल्लं झालीत

कुमुदिनीबाईंना हल्ली घडलेलं लक्षात राहत नसे. माशांना खाणं घातल्याचं विसरून त्या दिवसातून दहादा घालत. पाणी नासलं, मासे मेले आणि त्या दोन दिवस रडल्या.

मग यशवंतरावांनी बायकोसाठी नवी काचपेटी मांडली. तळाला माती, वर वाळू घालून पाणवनस्पती रुजवल्या. महिन्याभराने सोडलेले चार गप्पी मासे शेवाळ, किडे खाऊन आपापले जगू लागले.

"अहो, हे उपाशी आहेत का?"

"नाही गं, पोट भरलंय त्यांचं," ते सांगत आणि ते खरंच असे.

एका सकाळी कुमुदिनीबाईंनी हाक मारली, "इकडे या, पिल्लं झालीत."

कालही त्यांनी अशीच हाक मारली होती, परवाही. यशवंतराव पेपर ठेवून उठले, बायकोशेजारी वाकले.

"अरे वा, कधी झाली?"

"आत्ताच," म्हणत त्यांनी नवऱ्याचा हात धरला.