कॉफीचा सराव

जर्मनीतल्या लेकीकडे जायचं म्हणून नाना जर्मन शिकले. रोज ते टेबलाशी बसून अदबीने कॉफी मागत आणि नानी वेटर होऊन "बिटं, साहेब?" म्हणजे 'काय हवं?' असं विचारत.

तिथे पहिल्याच हॉटेलात वेटर समोर येताच नानांची दातखीळ बसली. तो कंटाळून निघून गेला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कुणीतरी हात वर केला. नानी सवयीने उठल्या, ऑर्डर घेऊन आत गेल्या. मग दुसरं टेबल, तिसरं टेबल. मालकाने खूश होऊन त्यांना एप्रन दिला.

"अगं, घरी चल की!" नाना काकुळतीला आले.

नानी अदबीने वाकल्या. "बिटं, साहेब?"

आणि नानांच्या तोंडून अख्खं जर्मन वाक्य घडाघडा बाहेर पडलं.