ग्राहकाचा आवाज

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. आयुष्यभर वर्ग गाजवलेला माणूस गप्प बसलेला बघवेना, म्हणून टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवेल असा लॅपटॉप मी ऑनलाइन मागवला. वापरलेला, पण दुरुस्त करून नव्यासारखा केलेला, असं कंपनीचं म्हणणं. आला तो मुकाच; स्पीकर बंद. कस्टमर केअरने आठवडाभर टोलवाटोलवी केली आणि आज त्यांचा माणूस म्हणाला, “मॅडम, खरेदी वडिलांच्या नावावर आहे. खात्रीसाठी त्यांनाच बोलावं लागेल.” मी म्हटलं, “अहो, त्यांना बोलता येत नाही, म्हणून तर लॅपटॉप घेतला.” “समजू शकतो, मॅडम. पण नियम आहे.” बाबांनी माझ्या हातून फोन घेतला. ओठ हलले, मानेच्या शिरा फुगल्या आणि नुसती हवा बाहेर आली. “सर, आवाज येत नाहीये,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. लगेच मेसेज आला, ग्राहकाने प्रतिसाद न दिल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे. बाबांनी लॅपटॉप पुढे ओढला, दोन बोटांनी खाडखाड टाइप केलं आणि स्क्रीन आईकडे फिरवली. आईने उभ्या जन्मात कुणाला अरेतुरे केलेलं नाही. तिने चष्मा चढवला, पुन्हा फोन लावला आणि थेट त्यांच्या साहेबाला फोनवर बोलवायला सांगितलं. साहेब आल्यावर तिने सगळं वाचून दाखवलं, शिव्यांसकट, एक अक्षर न गाळता. “बोलतेय मी,” ती शेवटी म्हणाली, “पण आवाज ह्यांचा आहे. आता नोंदवा तक्रार.”